एकोणीस जुलैच्या आत कनेडियनपार

अठराशे सदुसष्टच्या जुलैच्या तीन तारखेला लोसाना टेनाच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा टेना अंगणातल्या लाकडी उखळात मका कांडत होती. सहा वर्षांत दोघी समोरासमोर आल्या नव्हत्या. लोसाना वसंतातच परत आलीय, नवरा लढाईत गेला, घर जळून गेलं, आता आईच्या नात्यातल्यांकडे राहते, एवढं टेनाच्या कानावर होतं. भेटायला जावं असं तिला वाटलं नव्हतं. कशाला वाटेल? लोसाना मालकाची मुलगी आणि टेना त्याच घरातली एकेकाळची गुलाम. दोघींचं वय एकच, एकेचाळीस.

"बस," टेना म्हणाली. मुसळ काही तिनं थांबवलं नाही.

"बसायला नाही आले. डेल्सी जिवंत आहे."

मुसळ वरच्या वर राहिलं.

डेल्सी म्हणजे टेनाची धाकटी बहीण. दहा वर्षांनी धाकटी. अलाबामातून क्रीक या मूळ रहिवासी लोकांना सैनिकांनी बंदुकीच्या धाकानं हाकललं त्या साली टेना आणि लोसाना दहा-दहा वर्षांच्या होत्या. क्रीकांची शेतं, घरं, पुरलेली माणसं सगळं गोऱ्यांना मोकळं झालं, आणि क्रीक पश्चिमेला चालू लागले. ज्यांच्याकडे गुलाम होते त्यांचे गुलामही मागोमाग चालले. दोन्ही मुली एकाच चिखलातून चालत आल्या. फरक इतकाच, की टेनाच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं होतं आणि लोसानाचे हात रिकामे होते. इथं पोचल्यावर पहिल्याच थंडीत डेल्सी जन्मली, आणि आई त्यातून उठली नाही. टेनानंच तिला सोफ्कीच्या, म्हणजे मक्याच्या पेजेच्या, पातळ पाण्यावर वाढवलं.

मग एकसष्टला गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिणेची लढाई आली आणि क्रीकांत उभी फूट पडली. लोसानाचा नवरा दक्षिणेच्या बाजूचा. उत्तरेच्या बाजूचे क्रीक कॅन्सासला निघाले, आणि जो काळा माणूस सोबत येईल तो मोकळा, असं त्यांनी जाहीर केलं. टेना आणि तिचा नवरा कुजो पहाटेच्या धुक्यात कुंपण ओलांडून पळाले. डेल्सीच्या कुशीत तेव्हा दोन महिन्यांचं बाळ होतं आणि बाहेर गारांचा मारा चालला होता. "तू हो पुढं," ती म्हणाली होती, "पोरीला जरा ऊब आली की निघतेच मी." ते वाक्य टेनानं कॅन्सासच्या बर्फात, छावणीत, परतीच्या वाटेवर, किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही.

"कुठं आहे?" तिनं विचारलं.

"टेक्सासात. रेड नदीच्या पलीकडे एक दिवसाच्या वाटेवर. पर्डी नावाचा शेतकरी आहे." लोसाना जमिनीकडे बघत होती. "आम्ही तिकडे पळालो तेव्हा खायला काही उरलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानं तिला आणि मुलीला त्याला देऊन टाकलं. दोन पिंपं पिठाच्या बदल्यात."

"आणि तू?"

"मी त्या पिठाची भाकरी खाल्ली."

टेनानं मुसळ उखळाला टेकवून ठेवलं, अगदी सावकाश. मग मागं वळून अशी आरोळी ठोकली की परसातल्या कोंबड्या उडाल्या. "कुजो! खेचरं जुंप!"

कुजो लंगडत बाहेर आला. उत्तरेच्या फौजेत लढताना त्याच्या गुडघ्यात गोळी घुसली होती. खेचरांची नावं त्यानं कर्नल आणि कॅप्टन ठेवली होती, म्हणजे आयुष्यभर ज्यांचे हुकूम ऐकले त्यांना आता हुकूम सोडता येतील. सगळं ऐकून त्यानं डोकं खाजवलं आणि बोटांवर दिवस मोजायला लागला.

"आज तीन तारीख. एकोणिसाला मुदत संपते."

मुदतीचं सगळ्यांनाच ठाऊक होतं. आदल्या साली झालेल्या तहात लिहिलं होतं, की क्रीकांकडचे जे काळे लोक वर्षाच्या आत क्रीकांच्या भूमीत परत येतील ते क्रीक. त्यांचं नाव यादीत, त्यांना जमीन, त्यांना मत, त्यांच्या मुलाबाळांनाही. त्यानंतर जो येईल तो परका.

"जायला सात दिवस, यायला सात," कुजो म्हणाला. "उरले दोन. आणि टेक्सास म्हणजे काय तुझं परसू वाटलं?"

"दोन दिवस पुष्कळ झाले."

"मी येतो."

"तू येऊ नकोस. निळ्या कोटातला काळा शिपाई दिसला की ते लोक आधी गोळी घालतील, मग नाव विचारतील. तू आपल्या हद्दीशी, कनेडियन नदीवर थांब. साक्षीदार लागेल." मग ती लोसानाकडे वळली. "तू चल. घर तुला माहीत आहे."

"मी येतेच आहे," लोसाना म्हणाली. "गाठोडं बांधूनच आलेय. तिकडं कुंपणाशी ठेवलंय."

निघताना कुजोनं आपला फौजेतून सुटका झाल्याचा कागद टेनाच्या हातात दिला. वर पंख पसरलेला गरुड छापलेला होता. "वाचता येत नाही म्हणून काय झालं," तो म्हणाला. "गरुड सगळ्यांना वाचता येतो."

टेक्सासचा रस्ता त्या उन्हाळ्यात नुसता धुळीचा लोट होता. समोरून लांब शिंगांच्या गुरांचे तांडेच्या तांडे उत्तरेला चालले होते, एकेका तांड्यात दीड-दोन हजार जनावरं. त्यांच्या मागं-पुढं गोऱ्यांच्या पांढऱ्या छताच्या गाड्या. कोणी कॅन्सासला, कोणी आणखी कुठं, पण बघत मात्र सगळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीकडे. घोडा विकत घेताना दात बघावेत तसे.

"हे लोक काय बघतात ते मला माहितीये," लोसाना गळ्याला बांधलेल्या रुमालानं तोंड झाकत म्हणाली. "अलाबामात आमच्या शेताकडे असंच बघायचे."

"आमच्या?" टेना म्हणाली. "नांगर कोण धरायचं?"

लोसानानं रुमाल तोंडावरून खाली ओढला. मग म्हणाली, "तुझा बाप धरायचा."

"हं. आता कसं!"

दुसऱ्या दिवशी लोसानानं लगाम मागितला. तिनं आयुष्यात गाडी हाकली नव्हती. दहा मिनिटांत कर्नलनं गाडी ओढ्यात नेऊन उभी केली. टेना पोट धरून हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण हिच्याशेजारी बसून हसतोय. ती लगेच थांबली. पण एकदा हसली ते हसलीच.

सातव्या दिवशी दुपारी पर्डीची कापसाची शेतं लागली. चार-पाच माणसं ओळीनं खुरपत होती. टेनानं गाडी थांबवायच्या आतच खाली उडी टाकली. तिसऱ्या ओळीतल्या बाईची मान जरा डावीकडे कललेली होती. लहानपणापासून डेल्सीची मान तशीच.

"डेल्सी!"

त्या बाईनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. पाच वर्षांत तिच्या तोंडून क्रीक भाषेतला एक शब्द निघाला नव्हता. बोलायला कोणी नव्हतंच. शब्द शोधत शोधत ती म्हणाली, "उशीर केलास."

टेना ओळी तुडवत धावली आणि तिनं बहिणीला मिठी मारली. डेल्सीचे हात आधी तसेच लोंबत राहिले, मग एकदम घट्ट झाले. कापसाच्या झाडांतून एक बुटकी पोर बाहेर येऊन दोघींकडे टकमक बघत उभी राहिली. हीच मिंटी, तेव्हाची दोन महिन्यांची.

मग डेल्सीला गाडीवरची बाई दिसली. तिनं टाकलेलं खुरपं पुन्हा उचललं.

"ती कशाला आलीय?"

"तिनंच सांगितलं तू कुठं आहेस."

"सांगेलच. तिलाच तर माहीत!"

"भांडण गाडीत कर," टेना म्हणाली. "आधी निघायचं."

पर्डी पडवीत खुर्ची टाकून बसला होता. लांब दाढीचा, घामेजलेला. मागं दारात त्याची बायको. टेनानं लोसानाला पुढं केलं. लोसानानं एकुलता एक रेशमी रुमाल डोक्याला बांधला होता आणि गळ्याशी चांदीची पिन लावली होती. तिला इंग्रजीचा गंध नव्हता. टेनाला दोन्ही भाषा येत होत्या.

"या लोसानाबाई," टेना इंग्रजीत म्हणाली. "क्रीक राष्ट्रातल्या मोठ्या घरच्या. मी त्यांची दुभाषी."

लोसाना क्रीकमध्ये म्हणाली, "याला सांग, माझ्या नवऱ्यानं केलं ते वाईट केलं. मी विनवायला आलेय."

"बाई म्हणतात," टेनानं सांगितलं, "डेल्सीला आणि तिच्या मुलीला न्यायला आलेय. उन्हात उभं करू नका."

"डेल्सी जाते तर जाऊ दे," पर्डी म्हणाला. "आता कायदाच तसा झालाय, काय करणार! पण पोर जायची नाही. कोर्टानं मला कामाला बांधून दिलीय ती, एकवीस वर्षांची होईपर्यंत."

टेनानं हे लोसानाला सांगितलं. लोसानाचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. "पाच वर्षांची पोर? बांधून? याच्या दाढीत उवा होवोत! याच्या विहिरीत बेडूक मरोत! याची गाय आटो!"

"काय म्हणतेय ती?" पर्डी जरा मागं सरकला.

"बाई म्हणतात, नदीकाठच्या छावणीतला कॅप्टन त्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. परत जाताना त्याच्याकडे जेवायला थांबणार आहेत. पोर का नाही आणली असं त्यानं विचारलं तर काय सांगायचं, असं विचारतात."

"अजून सांग!" लोसानाला आता चेव चढला होता. आपण काय बोलतोय आणि टेना काय सांगतेय यांचा मेळ नाही, हे तिला पर्डीच्या तोंडाकडे बघूनच कळलं होतं. ती एक पाऊल पुढं आली आणि हात उडवत, आवाज चढवत, सोफ्की कशी करतात ते पहिल्यापासून सांगायला लागली. मका कसा कांडायचा, राखेचं पाणी किती घालायचं, किती वेळ ढवळायचं.

"बाई म्हणतात, तहात ही पोर क्रीक ठरलीय. दुसऱ्या राष्ट्राचं माणूस कोंडून ठेवलं तर फौज येते. आणि हा बघा कागद."

टेनानं गरुड वर करून कागद धरला. पर्डीनं डोळे बारीक केले.

"चष्मा आण गं," तो बायकोला म्हणाला.

बायकोनं टेनाकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. "सापडत नाहीये सकाळपासून," ती म्हणाली. तिच्या ॲप्रनच्या खिशातून चष्म्याची तार बाहेर डोकावत होती. टेनाला ती स्पष्ट दिसली.

पर्डी थुंकला. "घेऊन जा! सगळीच्या सगळी घेऊन जा, आणि पुन्हा दिसू नका!"

गाडी कुंपणाबाहेर पडली. मग टेनानं चाबूक हवेत असा वाजवला की कॅप्टननं दोन्ही कान मागं पाडले. "राखेचं पाणी!" ती ओरडली. "अगं, राखेचं पाणी काय!" आणि लोसानाच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी यायला लागलं.

डेल्सी हसली नाही. ती गाडीत बसलीच नव्हती. मिंटीला वर चढवून ती मागं मागं पायी येत होती.

"ही बाई गाडीत असेल तर मी चालत येईन," ती म्हणाली.

आणि चालली. दीड दिवस चालली. तिच्या पायाच्या वेगानं गाडी चालवावी लागली. हातात होते ते जास्तीचे दिवस असे धुळीत सांडायला लागले. रेड नदी ओलांडल्यावर लोसाना खाली उतरली आणि म्हणाली, "तू बस. मी चालते." मग डेल्सी बसली, पण वेग तोच! त्यात एका चाकाची धाव निसटली, ती ठोकून बसवायला शेजारच्या चोक्टॉ जमातीच्या वस्तीत अख्खा दिवस गेला. सतरा तारखेला टेनाचा संयम संपला. तिनं लगाम खेचला, उठून उभी राहिली आणि दोघींवर तुटून पडली.

"ऐका गं! अजून पन्नास मैल आहेत. आता दोघी मुकाट्यानं वर बसा, नाहीतर दोघींना इथंच सोडून मी पोरीला घेऊन जाते! तिथं यादीत नाव लागल्यावर हवं तर शंभर वर्षं एकमेकींचं तोंड बघू नका!"

लोसाना चढली. दोघी दोन टोकांना, एकमेकींकडे पाठ करून. मधे मिंटी. खेचरं दुडक्या चालीनं निघाली.

एकोणीस तारखेला दिवस बराच वर आल्यावर कनेडियन नदी दिसली, आणि टेना गाडीतच उभी राहिली. कुठं तरी वर पश्चिमेला मुसळधार पाऊस पडला होता. उन्हाळ्यात जिथं गुडघाभर पाण्यातून गुरं जातात तिथं या काठापासून त्या काठापर्यंत तांबडं पाणी घुसळत चाललं होतं. त्यातून अख्खी झाडं मुळांसकट वाहत येत होती. अलीकडे चोक्टॉंची हद्द, पलीकडे क्रीकांची. नदी हीच सीमा. काठावर गुरांचा एक मोठा तांडा खोळंबला होता. नाववाल्यानं नाव ओढून झाडाला बांधली होती.

"नावेचा दोर तुटेल," नाववाला म्हणाला. "परवा बघू."

"परवा काय करू? आज शेवटचा दिवस आहे!"

"बाई, नदीला तारीख कळत नाही."

पलीकडच्या काठावर एक ठिपका हात हलवत होता. एका पायावर झुकलेला. कुजो! तो काहीतरी ओरडत होता, पण पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं.

टेनानं खेचरं सोडली. "खेचरं पोहतात. गाडी राहू दे इथंच. दोन खेचरं, एकेकावर दोघी."

"मला पोहता येत नाही," डेल्सी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "तुलाही येत नाही."

"मला येतं," लोसाना म्हणाली. क्रीकांच्या घरी मुलं रोज पहाटे, थंडीतसुद्धा, नदीत बुडी मारतात. अलाबामात चांगल्या रुंद नदीत ती आरपार पोहायची. "पोरगी माझ्याकडे दे. तुम्ही दोघी कॅप्टनवर बसा, तो शहाणा आहे. सरळ जाईल. कर्नल मी बघते."

डेल्सीनं मिंटीला छातीशी ओढलं. "तुझ्याकडे? एकदा होतोच की आम्ही तुझ्याकडे!"

लोसाना नुसती हात पुढं करून उभी राहिली. मागं गुरं हंबरत होती, पाणी वाढत होतं. हे टेनानं बोलून होण्यासारखं नव्हतं.

डेल्सीनं नदीकडे बघितलं. पलीकडच्या काठाकडे बघितलं. मग पोरीला उचललं आणि लोसानाच्या हातात दिलं. दिलं म्हणजे जवळजवळ आदळलंच. "हिला काही झालं तर," ती म्हणाली, आणि कॅप्टनकडे वळली.

"माझ्या मानेला धर, पोरी," लोसाना म्हणाली. मिंटीला क्रीक कळत नव्हतं, पण तिनं मान अशी घट्ट धरली की लोसानाला खोकला आला.

कॅप्टन पाण्यात शिरला. दहा पावलं, वीस पावलं, आणि पायाखालची जमीन गेली. टेनानं एका हातानं आयाळ आणि दुसऱ्यानं डेल्सीचा हात धरला होता. पाणी कानात, नाकात, तोंडात. खेचराचं डोकं तेवढं वर. एक ओंडका गोल फिरत आला आणि डेल्सीच्या खांद्याला धडकला. ती सुटली. टेनाच्या हाती फक्त तिचा झगा राहिला. कापड टरटरत फाटत चाललं. "सोडू नकोस!" डेल्सी ओरडली.

"नाही सोडत! या वेळी नाही सोडत!" टेनानं आयाळ दातात धरली, मोकळा झालेला हात खाली घातला आणि बहिणीला दंडाला धरून वर ओढलं. त्याच वेळी कॅप्टनचे खूर वाळूला लागले. तो फुरफुरला आणि एका धक्क्यात दोघींना घेऊन काठावर चढला.

कुजो लंगडत, धडपडत खाली आला. "आलात! आलात गं!"

"मिंटी कुठाय?" डेल्सी किंचाळली.

नदीवर खेचर नव्हतं, लोसाना नव्हती. काही नव्हतं.

मग धावपळ. काठाकाठानं वेळूच्या बेटांतून, काटे ओरबाडत, पडत, उठत. डेल्सी पुढं, टेना मागं, त्यामागं खेचरावर कुजो. पहिलं वळण, तिथं काही नाही. दुसऱ्या वळणाशी डेल्सी एकदम थांबली.

तिथं पाण्याखाली वाळूचा एक उंचवटा होता. त्यावर लोसाना कमरेपर्यंत पाण्यात उभी होती, आणि तिच्या खांद्यावर मिंटी, घोड्यावर बसावं तशी. पोर हात हलवत होती. कर्नलचा पत्ता नव्हता.

"पाय रुतलेत!" लोसाना ओरडली. "घाई करू नका, पण लवकर या!"

"हे कसं करायचं म्हणे?" कुजो म्हणाला, आणि दोराचा फास करून फेकला. पहिला चुकला. दुसरा मिंटीनं पकडला. लोसानानं तो पोरीच्या काखेखालून घेतला, गाठ तपासली, पुन्हा तपासली. कॅप्टननं दोर ओढला आणि मिंटी पाण्यावरून सपसप घसरत आईच्या पायाशी आली. डेल्सी तिला कुरवाळत बसेल असं टेनाला वाटलं. पण तिनं पोरीला टेनाकडे ढकललं, दोर सोडवून स्वतः हातात घेतला आणि गुडघाभर पाण्यात शिरून लोसानाकडे भिरकावला. तिघांनी आणि खेचरानं मिळून ओढलं. वाळूनं लोसानाला सोडताना बाटलीचं बूच उघडल्यासारखा आवाज झाला. तिच्या पायातले दोन्ही जोडे तिथंच राहिले.

पाचही जणं काठावर आडवी पडली. सूर्य पश्चिमेकडे कलला होता.

"मी एक विचारू का," कुजो धापा टाकत म्हणाला, "तो वाळूचा ढिगारा कुणाच्या हद्दीत येतो? कारण आपल्या असेल तर पोर मघाशीच क्रीक झाली होती."

"कुजो, गप बस," टेना आणि लोसाना एकाच वेळी म्हणाल्या.

जवळच्याच नॉर्थ फोर्क गावात झाडाखाली टेबल मांडून यादी लिहिणारा कारकून बसला होता. आवराआवर चालली होती. चिखलानं माखलेली चार मोठी माणसं आणि एक पोर समोर उभी राहिलेली बघून त्यानं दौतीचं झाकण पुन्हा उघडलं. नाव? डेल्सी. मुलगी? मिंटी. पूर्वी कोणाकडे? लोसानानं पुढं येऊन आपल्या बापाचं नाव सांगितलं. "माझ्या घरच्या गुलाम होत्या. मी साक्ष देते." टेनानं ते इंग्रजीत सांगितलं, या वेळी शब्दाला शब्द.

"आडनाव?" कारकुनानं विचारलं.

मालकाचंच नाव लावायचा रिवाज होता. सगळे डेल्सीकडे बघत राहिले. तिनं जरा विचार केला. "कनेडियन लिही," ती म्हणाली. कारकून हसला, पण त्यानं लिहिलं.

ते आडनाव टिकलं. डेल्सीनं नदीजवळच्या सुपीक पट्ट्यात जमीन धरली आणि बारा एकरांवर मका आणि कापूस काढला. मिंटी मोठी होऊन क्रीक इतकं फर्डं बोलायला लागली की म्हाताऱ्यांच्या चुका काढायची. तीस वर्षांनी गोऱ्यांच्या गाड्या आल्याच. पूर्वी रस्त्यावरून नुसत्या बघत जायच्या, आता थेट आत आल्या. सरकारनं सगळ्यांची मिळून असलेली भूमी तुकड्या-तुकड्यांत वाटायला काढली. पुष्कळांची पुष्कळ गेली. पण जुन्या यादीत नाव निघालं म्हणून मिंटीच्या पाच मुलांना त्यांचे तुकडे मिळाले, आणि त्यांतले तीन त्यांनी राखले.

डेल्सीनं लोसानाला माफ केलं का? नव्या मक्याच्या सणाला क्रीकांत वर्षाचे सगळे अपराध माफ करून टाकतात. त्या वर्षी सण आठवड्यावर आला होता. कोणीतरी विचारलं तेव्हा डेल्सी म्हणाली, "यंदा नाही." पुढच्या वर्षीही नाही म्हणाली. तिसऱ्या वर्षी कोणी विचारलं नाही, आणि लोसाना तिच्या अंगणात बसून शेंगा सोलताना दिसली.

त्या एकोणीस तारखेच्या संध्याकाळी मात्र गावात सगळीकडे नुसता गलका होता. शेवटच्या दिवशी पोचलेली आणखी तीन कुटुंबं होती. कोणी ढोल काढला, कोणी बैल कापला. मैलभर खाली कर्नल कोणाच्या तरी शेतात मटामटा चरताना सापडला होता, त्याची मिरवणूक निघाली. बायका नाचायला उभ्या राहिल्या, आणि सगळ्यात पुढं टेनानं असावं म्हणून तिला शोधायला माणसं धावली.

ती कारकुनाच्या टेबलाखाली सापडली, चिखलाच्या झग्यात, तोंड उघडं टाकून घोरत. कुजोनं हाका मारल्या, हलवलं, फौजेतला बिगुल तोंडानं वाजवून दाखवला. छे! ती उठली ती एकवीस तारखेला सकाळी, आणि उठल्याबरोबर विचारलं, "नाच सुरू झाला का?"